हार घातलेला जनरेटर

इंजिन धडधडत होतं, धूर सोडत होतं आणि व्होल्टमीटरचा काटा मात्र शून्यावर पडून होता.

नंदाताईंचं मासळीचं छोटं कोल्ड स्टोरेज घणसोलीत खाडीच्या बाजूला आहे. रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली होती. सकाळपासून लाईट नाही.

"साहेब, माजा एकटीचा माल नाय, आख्ख्या गावाच्या होड्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "पापलेटं खराब झाली तर कुनाला तोंड दाखवू?"

हा जनरेटर तीन वर्षांपूर्वी मीच बसवला होता. इतका चकचकीत तो शोरूममध्येही नव्हता. वर प्लास्टिक, पुढे दसऱ्याचा सुकलेला हार. त्याची स्वतःची बॅटरी मेली होती, म्हणून दारातल्या मासळीच्या टेम्पोची लावून इंजिन चालू केलं होतं.

"शेवटचा कधी चालवलात?"

"तुमी बसवला तवाच. लाईट जाते ती तास-दोन तास. बरफावर भागतं. मशीन कशाला झिजवायचं?"

रोग कळला. चुंबकासमोर तांब्याची गुंडाळी, किंवा गुंडाळीसमोर चुंबक फिरला की वीज तयार होते. पण या मशीनमधला चुंबक विजेवरच तयार होतो. म्हणजे विजेसाठी चुंबक हवा आणि चुंबकासाठी वीज. सरकारी दाखल्यांसारखंच. सुटका एवढीच की लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व उरतं, त्यावर सुरुवात होते. मशीन वर्षानुवर्षं नुसतं उभं ठेवलं की तेही जाऊ शकतं.

उपायाला आम्ही फ्लॅशिंग म्हणतो. इंजिन बंद केलं. चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीच्या वायरी सोडवल्या, प्लस-मायनस बघून टेम्पोच्याच बॅटरीचा क्षणभर करंट दिला. वायरी जोडून पुन्हा स्टार्ट. काटा थरथरला आणि सरळ चारशे पंधरा व्होल्टवर गेला, थ्री-फेजला हवा तिथेच. कॉम्प्रेसर गुरगुरला. नंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. म्हणून लेक्चर सुरू केलं. "ताई, मशीन चालवायचं असतं, पुजायचं नाही. असलं तुम्हाला सांगितलं कोणी?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. एकवीरा आईच्या फोटोशेजारी लॅमिनेट केलेला कागद होता. 'मशीन जपा. विनाकारण चालू करू नये.' अक्षर माझं. खाली सही माझी. बसवायच्या दिवशी बघे येऊन बटणं दाबत होते, त्या वैतागात लिहिलं होतं.

"तुमी लिवलंत, मी पाललं," नंदाताई म्हणाल्या. आवाजात टोमणासुद्धा नव्हता. त्याचीच जास्त लाज वाटली.

मी नवा कागद घेतला. 'दर शनिवारी अर्धा तास कॉम्प्रेसरचा लोड देऊन चालवा.' सही केली.

तेव्हापासून सूचना लिहिताना मी एक धोका लक्षात ठेवतो. कुणीतरी ती खरंच पाळेल.