तीन मिनिटांचा दिवा

माझ्या धाकट्या भावाला बाजारपेठेत सगळे थांबराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते माहीत आहे आणि त्याचं काही वाटतही नाही. घरात दिवे बसवायला बोलावलं की हा ड्रिल पिशवीतच ठेवतो, "थांबा जरा" म्हणतो आणि सोबत आणलेलं बुटकं स्टूल टाकून खोलीच्या कोपऱ्यात बसतो. तासभर, कधी दोन तास. माणसं कुठे बसून वाचतात, मुलं दप्तर कुठे फेकतात, दारातून शिरताना हात भिंतीवर कुठे जातो, सगळं बघत राहतो. घरमालकाला वाटतं, हा एक तर झोपलाय, नाहीतर चोरी करायच्या आधी घर बघून ठेवतोय.

मी त्याची मोठी बहीण. दिव्यांचं दुकान आम्हा दोघांचं. काउंटर, फोन आणि भांडणं माझ्याकडे; भिंती आणि छत त्याच्याकडे. पूर्वी बल्ब आणि ट्यूब विकायचो, आता फोनवरून रंग बदलणाऱ्या पट्ट्या विकतो, टाळी वाजवली की लागणारे दिवे विकतो. मला हा प्रकार फारसा पटत नाही. उजेडासाठी फोन शोधायचा आणि फोन शोधायला उजेड लागतो, ही काय सोय झाली? पण भाऊ म्हणतो, "ताई, वस्तू वाईट नसते गं, घाईनं लावली की वाईट होते."

एकदा एका मोठ्या जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीचं काम होतं. भिंती नव्या, सगळी बटनं एका सरळ रेषेत, आणि घरातले आजोबा मात्र दारातून आले की त्या रेषेच्या वीतभर खाली, कोऱ्या भिंतीवर चाचपडायचे. पन्नास वर्षं बटन तिथे होतं ना! याने तासभर ते पाहिलं आणि नव्या कोऱ्या भिंतीला तिथे भोक पाडून बटन बसवलं. सजावट करणारा माणूस नाचायचा बाकी राहिला. हा शांतपणे म्हणाला, "भिंत शोभेची आहे साहेब, हात रोजचा आहे." आजोबा आत आले, हात गेला, दिवा लागला. त्यांना तर कळलंसुद्धा नाही की काही केलंय. असलं काम करणारा माणूस माझ्या घरात जन्मला याचा मला अभिमान आहे, पण हे मी त्याला कधी सांगत नाही. उगीच डोक्यावर बसेल.

आणि खरं सांगते, त्याच्या या बसण्याचा मला भयंकर राग यायचा. दुसरे लोक दिवसात तीन घरं उरकतात आणि आमचे हे महाशय एका घरात बसून राहतात! मी काउंटरवरून ओरडून ओरडून दमले. आता ओरडत नाही. का, ते सांगते.

आमच्या मागच्या रस्त्याला काजमावशी राहतात. जन्मभर त्यांनी कोटांना हाताने काजं केली. भल्याभल्या शिंप्यांनी कोट शिवावा आणि काजांसाठी मावशींकडे पाठवावा, असा त्यांचा हात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा लांबच्या देशात. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात.

मुलगा आठ दिवसांच्या रजेवर आला आणि चौथ्या दिवशी आमच्या दुकानात उभा राहिला. त्याला सगळंच हवं होतं. हॉलच्या छताभोवती रंगीत पट्टी, संध्याकाळ झाली की आपोआप लागणारे दिवे, सांगितल्यावर सरकणारे पडदे, आणि प्रत्येक खोलीत हालचाल ओळखून दिवा लावणारा सेन्सर.

"आईला बटन शोधावं लागू नये," तो म्हणाला. "आणि ती बरी आहे हे मला तिथून फोनवर दिसायला हवं."

हे बोलताना त्याचा आवाज जरा उतरला. मुलगा वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

भाऊ म्हणाला, "उद्या येऊन बसतो."

"बसतो काय बसतो!" मी त्या मुलासमोरच फाडकन बोलले. "त्यांच्या हातात चार दिवस आहेत. तू बसून राहशील आणि ते निघून जातील. सरळ काम सुरू कर."

भावाने माझ्याकडे पाहिलं, स्टूल परत कोपऱ्यात ठेवलं आणि ड्रिल उचललं. मला वाटलं, चला, कधी नव्हे ते ऐकलं.

काम सुरेख झालं, त्यात वाद नाही. हॉलच्या कडेने त्याने पट्टी अशी दडवली की पट्टी दिसत नव्हती, नुसता उजेड दिसत होता. संध्याकाळी तो मधासारखा पिवळा व्हायचा. मावशी सोफ्यावर बसून म्हणाल्या, "अगंबाई, माझा हा जुना सोफा कुणा श्रीमंताचा वाटतोय."

शेवटी आतली खोली राहिली. तिला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे भर दुपारी दिवा लागतो. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्याच्यावर फुलाफुलांची चादर, चादरीवर दोन सुटकेस.

"इथे काय करता मावशी?" भावाने विचारलं.

मावशींनी आधी मुलाकडे पाहिलं. "काही नाही रे. जुने कपडे असतात."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि आता सुईला हात लावायचा नाही, असं मुलाने त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. आम्हाला हे कुठे ठाऊक? भावाने अडगळीच्या खोलीला लावतात तसा सेन्सर दारावर लावला. माणूस आत आला की दिवा लागणार, तीन मिनिटं काही हललं नाही की विझणार. मुलगा विमानात बसला, आम्ही पुढच्या कामाला लागलो.

दोन महिन्यांनी त्याचा दुकानात फोन आला. आवाज पार खचलेला.

"ताई, आतल्या खोलीतला दिवा दिवसातून साठ-सत्तर वेळा लागतो आणि विझतो. मला इथे ॲपमध्ये सगळं दिसतं. आई दिवसभर त्या अडगळीत सारखी आत-बाहेर करते. विचारलं तर म्हणते, मी कुठे जाते तिकडे? तिला आठवतसुद्धा नाही. मी इथल्या डॉक्टरांशी बोललो. वृद्धाश्रमात जागा ठरवली आहे. पुढच्या रविवारी येतोय, घर विकायला काढतोय. तुम्ही तेवढे दिवे काढून न्या."

मी फोन ठेवला. काजमावशी आणि विसरभोळ्या? मागच्याच आठवड्यात त्यांनी मला माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं माप तोंडपाठ सांगून लाजवलं होतं!

भावाला सांगितलं. त्याने कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि गेला. मी अडवलं नाही.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. तो आतल्या खोलीत जाऊन बसला. मावशींनी पाणी दिलं, चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं. हा बसूनच. आता माझा भाऊ बसला की सेन्सरला काय, डासालाही तो जिवंत आहे हे कळत नाही. दीड तासाने मावशींचा धीर सुटला. त्यांनी सुटकेस उघडली, आतून एक काळा कोट काढला, खुर्चीत बसल्या आणि काज करायला लागल्या. हाताने काज करताना माणूस हलत नाही. खांदे जागेवर, मान जागेवर, फक्त दोन बोटं चालतात. तीन मिनिटं झाली आणि दिवा विझला. मावशींनी मान वर न करता डावा हात उंचावून हलवला. दिवा लागला. पुन्हा टाका. पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा हात.

"हे रोजचंच आहे का मावशी?"

"हो रे. नवा दिवा आहे, त्याच्या कलानं घ्यावं लागतं."

भाऊ दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चूक माझी आहे, ताई. मी बसलो नाही."

चूक त्याची नव्हती, माझी होती. पण ते बोलायला माझी जीभ वळेना. उलट मी म्हणाले, "मग गुपचूप तीन मिनिटांची तीस कर आणि मोकळा हो."

"त्यानं मुलाच्या मनातलं जाईल का? त्याला वाटेल, आम्ही त्याच्या आईचं दुखणं झाकतोय. मला त्याला सांगावं लागेल."

पण सांगायचं म्हणजे काय? शिवणाची गोष्ट मावशींची. त्यांनी याचे हात धरून सांगितलं होतं, "त्याला कळू देऊ नकोस. शब्द दिलाय मी." गप्प राहिल्या तर घर जाणार, बोलल्या तर सुई जाणार. भाऊ त्यांना एवढंच म्हणाला, "मी माझी चूक तेवढी सांगेन. तुमचं तुम्ही ठरवा."

रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. हॉलमध्ये मुलगा रिकाम्या खोक्यांमध्ये उभा होता, मावशी सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसल्या होत्या. भाऊ सरळ म्हणाला, "साहेब, सेन्सर मी चुकीचा लावला. तुमच्या आईचं काही चुकलेलं नाही."

"चुकीचा म्हणजे?" मुलगा वैतागला. "तीन मिनिटं खोलीत माणूस असेल तर हलणार नाही का? असं कोण बसतं? तुम्ही तुमच्या कामाची बाजू घेताय."

भाऊ गप्प. मी तोंड उघडलं, तर त्याने डोळ्यांनी मला दटावलं. इतका राग आला मला! एक वाक्य बोलला असता तर काम झालं असतं. पण ते वाक्य त्याचं नव्हतं, आणि दुसऱ्याचं वाक्य माझा भाऊ कधी उचलत नाही.

मावशी उठल्या. "आत या," म्हणाल्या.

त्यांनी सुटकेस उघडली, कोट काढला. मुलगा म्हणाला, "आई, हे काय? तू मला शब्द दिला होतास." तो पुढे झाला, तेवढ्यात भावाने स्टूल त्याच्यापुढे ठेवलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. "बसा."

काय त्याच्या आवाजात होतं कुणास ठाऊक, मुलगा बसला. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. मावशींनी सुईत एका झटक्यात दोरा ओवला आणि टाका घातला. कुणी हललं नाही. इतका वेळ गप्प राहायची मला जन्मात सवय नाही; नाकाला खाज सुटली तरी मी हात वर केला नाही.

दिवा विझला. मावशींचा डावा हात वर गेला, हलला. दिवा लागला.

मुलगा आईकडे बघत राहिला. मग त्याने हळूच कोटाची कड उचलून आधीची काजं पाहिली. एकसारखी, एक टाकाही इकडचा तिकडे नाही. त्याचे डोळे भरले, आणि माझेही, लपवण्यात काय अर्थ?

"दिवसातून सत्तर वेळा?" त्याने विचारलं.

"कोट जड असला की जास्त," मावशी म्हणाल्या.

"आणि डोळे?"

"डोळ्यांचं डॉक्टरांना दाखवा," भाऊ म्हणाला. "उजेडाचं माझ्याकडे लागलं. सेन्सर काढतो. हाताशी एक साधं बटन आणि कोटावर पडेल असा दिवा देतो. पण आधी मला इथे दोन तास बसावं लागेल."

"मी बसतो," मुलगा म्हणाला आणि स्टूलवरून उठलाच नाही.

मावशी काजाच्या वळणापाशी आल्या होत्या. आम्ही पुन्हा निश्चल. तीन मिनिटं भरली आणि खोलीत अंधार झाला. मावशींनी हात उचलायच्या आधीच मुलाने आपला हात उंच केला आणि हलवला.

दिवा लागेना. तो कोपऱ्यात खाली बसला होता.

"आणखी वर धर," मावशी म्हणाल्या, टाक्यावरची नजर न काढता. त्याने हात ताणून हलवला आणि उजेड पडला. "हं. असाच हलता राहू दे."