खातं बंद करायचा फॉर्म

२००१ च्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, सखाराम शिंदे यांनी दुबईच्या देरा भागातल्या तीन सोन्याच्या कंपन्यांकडे खातं उघडण्याआधी खातं बंद करायचा फॉर्म मागितला. मी तेव्हा तिथल्याच एका इंग्रजी दैनिकाच्या बिझनेस डेस्कवर होतो. त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर होतो.

डेस्कवरचं काम वेगळं होतं. आमचे बिझनेस एडिटर थॉमस यांना अर्धं पान हवं होतं. विषय: लहान गुंतवणूकदाराने गोल्ड रिटायरमेंट अकाउंट कुठे उघडावं. अमिरातीत बाहेरून आलेल्या माणसाला पेन्शन नसते. नोकरी संपली की ग्रॅच्युइटी मिळते, म्हणजे एकरकमी पैसे, आणि परतीचं तिकीट. त्या पैशांवर तीन कंपन्यांची नजर गेली होती. योजना सारखीच होती. पैसे भरा, त्या दिवसाच्या भावाने तेवढे ग्रॅम तुमच्या नावावर चढतील. सोनं कंपनीच्या तिजोरीत राहील. म्हातारपणी थोडं थोडं विकून पैसे घ्या.

मी तिघांच्या तुलनेचं टेबल तयार केलं. कमीत कमी रक्कम, वार्षिक फी आणि स्प्रेड. स्प्रेड म्हणजे कंपनी सोनं विकते तो भाव आणि परत घेते तो भाव, यांतलं अंतर. स्प्रेड जितका मोठा, तितकं कंपनीचं ऑफिस गार. टेबलात पहिली आलेली कंपनी दर शुक्रवारी आमचं बॅक पेज जाहिरातीसाठी विकत घेत होती. हा योगायोग होता. थॉमस यांना तो फार आवडला.

त्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या दाराला पोचा आला. गाडी रास अल खोरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथे सखारामभाऊ डेंटर होते, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारे. राजापूर तालुक्यातले, सव्वीस वर्षं त्याच शेडखाली. वय साठ. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. अकरा दिवसांनी कॅन्सल होणार होता. मी पेपरात आहे हे कळल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"साहेब, सोन्याच्या खात्याचं काय? तिघांत बरा कोण?"

त्यांना ग्रॅच्युइटीचे तीस हजार दिरहम मिळणार होते. "म्हणजे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार," त्यांनी न विचारता रुपयेही सांगितले. ते एकदम घरी न्यायचे नव्हते. "थोरल्या भावाला छप्पर बदलायचंय. मेव्हण्याला टेम्पो पायजे. भाच्याने तर रंगसुद्धा ठरवलाय टेम्पोचा. महिन्याला थोडे आले तर मी आणि बायको खाऊ. एकदम आले तर आम्हीच त्यांच्याकडे मागायला जाऊ."

मी बॅगेतून टेबल काढून दाखवलं. त्यांनी ते उभं धरून वाचलं, मग आडवं धरलं.

"ह्यात बंद करायचं कुठे लिहिलंय?"

"बंद म्हणजे?"

"पैसे परत कसे काढायचे ते. मी दार खोलायच्या आधी बघतो, परत कसं बसतं. आमचा मालक आधी खोलतो. मग दोन स्क्रू हातात घेऊन मला हाक मारतो."

टेबलात तसा कॉलम नव्हता. तीनही ब्रोशर मी दोनदा वाचली होती. त्यांतही नव्हता.

शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी आम्हा दोघांनाही अर्धाच दिवस काम होतं; दुपारी आम्ही देऱ्यात गेलो. पहिल्या कंपनीत काउंटरवर एक तरतरीत तरुणी होती. तिने पाणी दिलं, खजूर दिले, उघडायचा फॉर्म दिला.

"बंद करनेवाला फॉर्म पहले दो," सखारामभाऊ म्हणाले.

तिने ड्रॉवर पाहिला. मग दुसरा पाहिला. मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने टाय सारखा केला आणि सांगितलं की वेगळा फॉर्म नाही. स्वतः यायचं, पासपोर्ट आणायचा, त्यावर चालू रेसिडन्स व्हिसा हवा.

"मेरा व्हिसा कॅन्सल होगा. इसीलिए तो रिटायर."

"नो प्रॉब्लेम. व्हिजिट व्हिसा पे आना."

"व्हिजिट व्हिसा चलेगा?"

मॅनेजरने आत जाऊन फाइल पाहिली. परत आला. "नहीं. रेसिडन्स चाहिए."

"मतलब पैसा निकालने के लिए फिर नौकरी करनी पडेगी?"

मॅनेजरने खजुराची ताटली पुढे सरकवली. सखारामभाऊंनी दोन खजूर घेतले आणि उठले.

दुसऱ्या कंपनीकडे फॉर्म होता. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की परतफेड फक्त दागिन्यांत होईल, घडणावळ वेगळी.

"महिन्याला एक बांगडी," सखारामभाऊ रस्त्यावर आल्यावर म्हणाले. "वाण्याला काय, पाटली देऊ?"

तिसरी कंपनी जिन्याने वर, एका खोलीत. फी सगळ्यांत जास्त, स्प्रेड सगळ्यांत रुंद. माझ्या टेबलात तळाला. कीर्तीभाई नावाचे गृहस्थ एकटेच बसले होते. मुंबईत वाढलेले, मराठी बोलणारे. फॉर्म मागितल्यावर ते स्टुलावर चढले आणि कपाटावरून एक गठ्ठा काढला. धूळ फुंकली.

"मुंबईच्या शाखेत पाठवा. सही जुळली की तिथे सोनं विकून तुमच्या बँकेत रुपये. व्हिसा लागत नाही."

"आजवर किती जणांनी काढले?"

"दोघांनी."

"जिवंत आहेत?"

"एक आहे. चिपळूणला."

सखारामभाऊंनी फोनकडे बोट दाखवलं. कीर्तीभाईंनी चिपळूणला फोन लावला, त्या माणसाची परवानगी विचारली आणि रिसीव्हर पुढे केला. पलीकडे शारजात पूर्वी ट्रेलर चालवणारे एक गृहस्थ होते. सखारामभाऊंनी रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मधे धरला.

"पैसे कितव्या दिवशी आले?"

"एकविसाव्या. दोनदा पत्रं लिहिली तेव्हा. वर फी कापली मेल्यांनी. नावसुद्धा चुकवलं पावतीवर."

"पण आले?"

"आले तर! नाहीतर मी इथे गप बसलो असतो काय?"

फोन ठेवून सखारामभाऊ माझ्याकडे वळले. "माणूस खरा आहे. शिकवलेला असता तर आठ दिवसांत आले म्हणाला असता." मग कीर्तीभाईंना म्हणाले, "द्या आता उघडायचा फॉर्म."

शनिवारी मी टेबलात 'बंद करताना' असा कॉलम वाढवला. थॉमस यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि जाहिरात विभागाच्या फादीला बोलावलं. फादी बैरूतचा. बॅक पेजची जाहिरात त्याने आणलेली होती.

"हबीबी, शेवटचा कॉलम काढून टाक. तो वाचतं कोण?"

"कोणी वाचत नसेल," थॉमस म्हणाले, "तर छापायला हरकत काय?"

"ते जाहिरात बंद करतील."

"त्यांना सांग, आधी बंद करायचा फॉर्म भरा."

फादीने अरबीत काहीतरी म्हटलं. त्याचं भाषांतर कोणी केलं नाही. कॉलम छापून आला.

पुढचे दोन शुक्रवार बॅक पेजवर आमच्याच पेपरची वर्गणी भरण्याचं आवाहन होतं. तिसऱ्या शुक्रवारी कंपनी परत आली. जाहिरात तीच होती, फक्त 'गोल्ड रिटायरमेंट अकाउंट'मधला 'रिटायरमेंट' हा शब्द काढला होता. मी काउंटरवर फोन करून विचारलं. रेसिडन्स व्हिसाची अट कायम होती.

सखारामभाऊ ठरल्या दिवशी मुंबईच्या विमानात बसले. जाण्याआधी त्यांनी पूर्ण तीस हजार दिरहम कीर्तीभाईंकडे भरले होते. राजापुरात पोचल्यावर त्यांनी पहिल्या दहा ग्रॅमचा फॉर्म मुंबईला पाठवला आणि थोरल्या भावाला सांगितलं की सगळे पैसे दुबईत अडकलेत.

दहा ग्रॅमचे रुपये त्यांच्या बँकेत चोविसाव्या दिवशी जमा झाले.