पिंजऱ्यातला भुसा

साखरा गावचा प्रज्ञेश बी.एस्सी. झाला तेव्हा त्याच्या वडिलांना, सटवाजींना, वाटलं होतं पोरगं मास्तर होईल. मास्तरांची भरती निघालीच नाही. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गुत्तेदाराचा, म्हणजे कंत्राटदाराचा, माणूस म्हणून तो लागला आणि उंदीर सांभाळू लागला.

उंदीर आणि हॅमस्टर. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच गुबगुबीत, आखूड शेपटीचा भाऊबंद. कोरोना आला तेव्हा कळलं की साध्या उंदराला तो विषाणू लागत नाही, हॅमस्टरला लागतो आणि त्याची फुप्फुसं माणसासारखीच बिघडतात. मग आतल्या बंद विभागात त्यांना लस टोचून, विषाणू देऊन, शरीर कसं लढतं ते बघू लागले. प्रज्ञेश बाहेरच्या विभागात निरोगी हॅमस्टरची पैदास बघायचा. पिंजऱ्यातला मुतानं भिजलेला लाकडाचा भुसा काढायचा, नवा घालायचा. टाळेबंदीत बाकीचे घरी गेले, हा तिथंच राहिला. दिवसभर भुशाची धूळ, तोंडाला कापडी मास्क.

आधी शिंका सुरू झाल्या. मग हातांवर गांध्या उठू लागल्या. त्यानं कोणाला सांगितलं नाही; त्या दिवसांत शिंकणाऱ्याला लोक जवळ उभं करत नव्हते. तपासणी केली तर कोरोना नव्हता. तरी जिना चढताना छातीत शिट्टी वाजायची. एका दुपारी पिंजरे धुता धुता तो खाली बसला, आणि त्याला उठता येईना.

दवाखान्यात अपर्णा मॅडम भेटायला आल्या. हॅमस्टरवरचा प्रयोग त्यांचाच होता.

"तुला कसला जंतू लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "त्या प्राण्यांच्या मुतात, अंगावरच्या कोंड्यात एक प्रथिन असतं. निरुपद्रवी असतं, पण तुझं शरीर त्याला शत्रू समजून लढतंय. त्या लढाईतच श्वासनळ्या सुजल्यात."

"तुमी हॅमस्टरमधी हेच बघून राहिलात ना? शरीराचं लढणं अंगलट कसं येतं ते?"

"हो."

"मग मला काय औषध?"

"दम्याचा पंप घ्यायचा. आणि प्राण्यांपासून लांब राहायचं."

लांब राहायचं म्हणजे नोकरी गेली, हे त्या बोलल्या नाहीत. ते गुत्तेदारानं फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "तुला हे आधीपासूनच असंल." मॅडम संस्थेत बोलते म्हणाल्या. बोलल्याही असतील. संस्थेनं कळवलं, तो माणूस आमचा नाही.

गावी आला, तर घरात उंदीर होतेच. ज्वारीच्या कणग्यांमागं लेंड्या, तोच वास. आत पाऊल टाकलं की श्वास अडायचा. सटवाजींना हे पटेना.

"उंदरानं कुठं दम लागतो व्हय? आमी जल्मभर उंदरातच निजलो. कामाचा कंटाळा आला म्हण की."

बायकोनं, दीक्षानं, कणग्या बाहेर काढल्या, भिंतींना चुना दिला. तरी त्याची खाट थंडीतही अंगणातच राहिली. पोरं त्याला उंदऱ्या म्हणू लागली. वसमतला हळदीच्या बाजारात त्यानं हमाली धरली, पण एकदा बिथरलेली फुप्फुसं कुठलीच धूळ सोसेनात. तेही सुटलं. आता तो सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्यांची जाळी ओढतो. तिथं ओल्या हवेत त्यातल्या त्यात बरं असतं. घर दीक्षाच्या शिवणकामावर चालतं.

मागच्या उन्हाळ्यात अपर्णा मॅडमचा फोन आला. नवा प्रकल्प मिळाला होता, प्राण्यांसाठी नवी इमारत होती. आवाजात आनंद होता.

"तुझ्यासारखं जीव लावून करणारं कोणी मिळत नाही रे. तुमच्या गावात एखादा मुलगा असेल तर सांग."

चुलतभाऊ प्रमोद बारावी होऊन घरीच बसला होता. प्रज्ञेशनं हातातलं जाळं काठावर ठेवलं.

"माणसं गुत्तेदाराकडूनच घेऊन राहिले का?"

"हो, पद्धत तीच आहे."

"अन् त्याला दम लागला तर कोण बघंल?"

"मी बोलेन ना," त्या म्हणाल्या.

"मग आमच्या गावात कोणी न्हाई, मॅडम."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तेव्हा सटवाजी जेवता जेवता थांबले. दुसऱ्या दिवशी प्रमोदच्या कानावर गेलं. तो दारात येऊन म्हणाला, "सोता पुणं बघून आलास अन् माझा घास काढून घेतलास."

"तुला ते झेपलं नसतं."

"तुला कसं ठाव?"

प्रज्ञेश समजावू लागला, पण मधेच खोकल्याची उबळ आली. ती थांबेस्तोवर प्रमोद निघून गेला होता. तेव्हापासून तो बोलत नाही, आणि सटवाजीही कामापुरतंच बोलतात.