हात न पुसायचे नॅपकिन

कोराडीत पांढरं कापड वाळत घालणं म्हणजे विजेच्या कारखान्याशी वैर घेणं. सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारी राखाडी होऊनच घरात यायची. अशा ठिकाणी माझ्या आईने पांढऱ्याशुभ्र कापडाचे सहा नॅपकिन आणि एक टेबलक्लॉथ करायला घेतला, यावरून तिचा स्वभाव कळावा.

हे खूळ शहरातल्या सदर बाजारातून आलं. तिथल्या एका दुकानाच्या काचेत टेबलक्लॉथ-नॅपकिन घालून मांडलेलं टेबल ती इतका वेळ बघत राहिली, की दुकानदाराने बाहेर येऊन काय पाहिजे म्हणून विचारलं. "काही नाही, पाहून राहिली," असं सांगून ती आणखी पाच मिनिटं बघत राहिली. आठवड्याभरात बाबा कामठीहून मागावरच्या कापडाचे तुकडे घेऊन आले. आमच्याकडे जेवणाचं टेबलच नाही, ही अडचण फक्त मला दिसत होती. माझं अभ्यासाचं टेबल त्यासाठी मला न विचारताच ठरलं होतं.

बाबांचे नवे साहेब आणि त्यांची बायको रविवारी दुपारी जेवायला येणार होते. आमच्याकडे कुणी जेवायला येणं ही कॉलनीत साधी गोष्ट नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतली आणि आम्ही बौद्ध झालो, त्याला बरीच वर्षं झाली होती, पण शेजारणींच्या डोक्यातून आमची जात काही गेली नव्हती. तोंडावर कुणी बोलत नसे. आमच्या घरात शिरलं की त्यांना फक्त उपवास लागायचा. कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. एकीला तर उंबरठ्यातच पित्त व्हायचं. आई हसून चहाचा कप परत न्यायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. या वेळी कुणीतरी पोटभर जेवावं आणि हात पुसून निवांत बसावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने कडेचे धागे ओढून जाळी केली आणि कोपऱ्यात साखळी टाक्याचा मोर भरला. मोर कसला, पहिल्या तीन तर सरळसरळ कोंबड्या होत्या. मी तसं म्हणाले, तर उरलेल्या तिघांच्या शेपट्या मला भरायला लावल्या. राख नको म्हणून खिडक्या बंद करून सगळं घरातच वाळवलं. दोन दिवस आम्ही डोक्यावर टेबलक्लॉथ घेऊन घामाघूम जेवलो. पेजेची खळ एवढी कडक होती, की नॅपकिन हातात घेतला तर पापडासारखा ताठ उभा राहायचा.

"याले जो हात पुशीन त्याचा हात मोडीन," आईने मला आणि बाबांना बजावलं. ती बोलेल ते करायची, त्यामुळे आम्ही ते मनावर घेतलं.

रविवारी जेवायला बसणारे तिघंच, पण टेबलावर नॅपकिन सहाही मांडले. आई वाढत होती, मी पाणी देत होते. साहेब बोलत बोलत जेवले. बाई खाली मान घालून हळूहळू जेवल्या. हात धुवायला बाबा आधी उठले. ओले हात घेऊन परत आले, नॅपकिनकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पँटला हात पुसून मोकळे झाले. या घरची हीच रीत असावी असं समजून साहेबांनी खिशातून रुमाल काढला. बाईंनी पदराला हात पुसले. आईचा चेहरा उतरलेला मला दिसला.

पाहुण्यांची जीप वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग म्हणाली, "जेवण तं माणूस लाजेकाजेनं जेवते. हात पुसाले काय झालं होतं? आपलं कापड नाही चाललं त्याइले."

"अवं, तूच तं हात मोडीन म्हणत होती," बाबा म्हणाले.

"तुमाले म्हटलं होतं मी. पाहुण्याइले नाही."

मी सातवीत होते, पण मला भयंकर राग आला. शेजारणींचा, साहेबांचा आणि सगळ्यात जास्त बाबांच्या पँटचा.

आता यांचं पोतेरंच करते, असं म्हणत आईने नॅपकिन गोळा करायला घेतले. बाईंच्या ताटाजवळच्या नॅपकिनची घडी जराही विस्कटलेली नव्हती. पण आईची घडी मोर वर ठेवून असायची आणि यावर मोर नव्हता. तिने तो उलगडला. आत वांग्याच्या भाजीच्या तर्रीचे पिवळेजर्द डाग होते, चार बोटांचे आणि एक ओठांचा. बाईंनी जेवता जेवता खुशाल हात-तोंड पुसलं होतं आणि एवढ्या कामावर डाग पडलेला पाहून, घाबरून, तो आत दडवला होता.

डाग दिसला की आई आम्हाला फाडून खायची. त्या दिवशी ती नॅपकिन हातात घेऊन खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

माझ्या लग्नात तिने टेबलक्लॉथ दिला आणि वर पाच नॅपकिन दिले. मी सहावा मागितला.

"तो नाही भेटत," ती म्हणाली. "त्याच्यावर पाहुणी जेवली आहे."