दिल्ली चार डहाळ्या

सरळच सांगतो, तो विमानात बसला म्हणून माझं डोकं फिरलं होतं. नदीवरच्या पुलाची मागणी माझी. पत्रक मी लिहिलेलं, अंगठे गोळा करत अहेरीपुढची रानं तुडवली तीही मीच. आणि गाऱ्हाणं मांडायला आमच्या पूल कमिटीनं दिल्लीला धाडलं माझ्या सोबत्याला. का? तर त्याचं बोलणं शुद्ध अन् कोट इस्त्रीचा!

नागपूर ते दिल्ली हवाई अंतर सव्वापाचशे मैल, वेळ चार तास, हे निघण्याआधी त्यानं मला तीनदा ऐकवलं. तो उडाला तेव्हा मी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत होतो.

तो परत आल्यावर नदीपलीकडच्या गावात सभा झाली. पुलाबद्दल बोलायला मी घसा साफ करून बसलो, पण लोकांना विमानच ऐकायचं होतं. कानात घालायला मिळालेला कापूस त्यानं खिशात जपून आणलेला. तो हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी न बघताच पुढं दिला.

एक म्हातारी उठली. गेल्या पावसाळ्यात तिची सून बाळंतपणात अडली, नदीला पूर, पलीकडे नेता आलं नाही आणि ती काठावरच गेली. म्हातारीनं विचारलं, "भाऊ, दिल्लीले किती डहाळ्या लागते?"

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणजे एवढंही ठाऊक नाही! मीच समजावलं. इथं मैल कुणी मोजत नाही. हिरवी डहाळी तोडून खांद्यावर टाकायची आणि चालायचं. पानांनी मान टाकली की कोस संपला, मग दुसरी तोडायची. एका डहाळीला तासभर धर, म्हटलं.

"मग विमानानं चार," तो हसत म्हणाला.

"आमाले अहेरीले सहा लागते," म्हातारी म्हणाली. "दिल्ली त जवळच हाय मंग. थे लोकं काऊन येत नाई इथी?"

 तो मान खाली घालून इस्त्रीच्या कोटाची चुणी सरळ करायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. चांद्याच्या जाहीर सभेत त्यानं म्हातारीचा सवाल जसाच्या तसा ठोकला, हातात डहाळी धरून. टाळ्या थांबेनात. हिशेब मी समजावलेला, दुःख म्हातारीचं आणि हार याच्या गळ्यात. कमिटीनं तिथंच ठरवलं, पुन्हा यालाच दिल्लीला पाठवायचं.

निघायच्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. म्हणाला, "साहेबांच्या टेबलावर ठेवतो. एक चांगली डहाळी तोडून दे ना, तुला झाडं कळतात."

मोहाची दिली, भरगच्च पानांची. पूल व्हायलाच हवा, म्हणून दिली. त्यानं ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मोटारीत मांडीवर घेऊन बसला. म्हणजे आता ती डहाळीसुद्धा विमानात बसणार होती.