पावणेसातच्या बसची सभा

आमच्या लाटंबार्शाहून डिचोलीला जाणारी पावणेसातची सरकारी बस बंद होणार, असं कानावर आलं तेव्हा मी डिचोलीच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून चौथं वर्ष रेटत होते. जूनमध्ये कायम करू, असं हेडमास्तर म्हणाले होते. उशिरा आलेलं चालणार नाही, हेही म्हणाले होते. घरात बाबा अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ कॉलेजात, आणि कमावणारी मी एकटी. पुढची बस साडेआठची, म्हणजे शाळेची प्रार्थना, हजेरी, पहिला तास सगळं आटपल्यावर पोचणारी. बस गेली की माझी नोकरी गेली, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता त्या बसचं सांगते. आमच्याच वाड्यावरचे एक काका तिच्यावर कंडक्टर होते. माणूस देवासारखा, आणि तिथेच सगळं बिघडलं. भाजी विकायला निघालेल्या म्हातारीचं ते तिकीट फाडत नसत. कॉलेजच्या मुलांचं नाही, दवाखान्यात निघालेल्यांचं तर नाहीच. कुणी त्यांच्या पिशवीत काकडीचं एखादं तवसं टाकायचं, कुणी आमटीत घालायला सोलं, कुणी काहीच नाही. पहिल्या दिवशी मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "बस गे बाये. आमच्या पोरांक शिकयतंस, तुझ्याकडसून पैसे घेव?" मी पैसे परत पर्समध्ये ठेवले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चार वर्षं बरं वाटत राहिलं. तिकीट तपासणारा इतक्या सकाळी आमच्या बाजूला कधी फिरकला नाही.

बसबद्दलची सभा रविवारी देवळाच्या मंडपात भरली. पणजीहून बसखात्याचे एक साहेब आले होते, हातात फाईल, बोलायला मऊ. गोव्याचं नुकतंच वेगळं राज्य झालेलं, त्यामुळे आमच्या लोकांच्या अंगात वारं भरलेलं. पहिला अर्धा तास सभा कोकणीत चालवायची की मराठीत, यावरच गेला. साहेब बिचारे दोन्हीकडे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "कसंही बोला, पण बसवर बोला."

मग ते स्वतःच बोलले. डिझेलसुद्धा सुटत नाही, सरकारकडे पैसा मोजका, तो जिथे गर्दी आहे तिथे घालावा लागतो. वास्कोला माणसं दाराला लोंबकळतात, तिथे गाड्या कमी पडतात. इथल्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना सवलतीत सायकली देता येतील. सायकल आरोग्यालाही चांगली.

"साहेब, डिचोलीच्या वाटेवर मुळगावला खनिजाचे ट्रक बघितले काय तुम्ही?" मागून एकजण ओरडला. "आरोग्य आमचं थेट मसणात जाईल!"

हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "आमची मास्तरीण सायकलीवर? पोरं पाढे म्हणतील की तिला बघत बसतील?" पुन्हा हशा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना गंमत सुचते, आणि इथे माझ्या घरची चूल विझायची वेळ आली होती. मी उठले.

"साहेब, दवाखाना नफ्यात चालतो का? शाळा चालते? मग बसनेच तेवढा नफा का करायचा? लोकांना कामावर पोचवणं हे सरकारचं काम नाही?"

टाळ्या पडल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, अगदी मनापासून. म्हणाले, "बाई, तोट्याचं मला पटतं. तोट्यातली बस मी भांडून चालू ठेवीन. पण रिकाम्या बससाठी कोणत्या तोंडाने पैसे मागू?"

"रिकामी कुठे? उभं राहायला जागा नसते!" चारपाचजण एकदम ओरडले.

"मग मला या आठवड्यातली तिकिटं दाखवा. दहा दाखवा, पाच दाखवा. मी आजच लिहून देतो, बस राहील."

आत्तापर्यंत घसा फोडणारे सगळे मूग गिळून बसले. काका खांबाला टेकून खाली बघत होते. मी अजून उभीच होते. सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं: बस भरलेली असते साहेब, तिकिटं फाडली जात नाहीत. पण त्या वाक्याने काकांची नोकरी गेली असती, तीही चार वर्षं मला फुकट नेल्याबद्दल. मी खाली बसले.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बस बंद झाली. मी भावाची सायकल घेतली. तिशी उलटल्यावर, साडीचा पदर खोचून, आमच्या अंगणात शिकले. गुडघे सोलवटले, बाबा खिडकीतून "हळू गे, हळू" करत राहिले. रस्त्यावर मात्र हळू जायला कोण देणार? मागून ट्रकने हॉर्न दिला की मी उतरून कडेला उभी राहायचे. दोनदा मुळगावच्या चढणीखाली गटारात गेले आणि लाल चिखलाने माखून दुसऱ्या तासाला शाळेत पोचले. तिसऱ्यांदा हेडमास्तरांनी आत बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, मुलं वेळेवर येतात हो." जूनमध्ये माझ्या जागी डिचोलीतच राहणारी एक मुलगी घेतली. तिचं काय चुकलं? काही नाही. मला कुणावर चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

काकांची बदली वास्कोला झाली होती. चतुर्थीला घरी आले तेव्हा मला भेटायला आले. मी चहा केला, पाव दिला. ते बराच वेळ पाव चहात बुडवत बसले.

"सभेत बोलता बोलता बसलंस कशाक?" त्यांनी विचारलं.

"तुमची नोकरी गेली असती, काका."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी उठणार होतंय," म्हणाले. "पण पयलां नाव तुझांच इलां असतां. मास्तरीण चार वर्षां फुकट फिरता, म्हणून. तुका मगे कायम कोणी केलां असतां?"

मला एकदम संताप आला. त्यांचा, माझा, त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा. ते उठले, चपला घातल्या आणि दारात थांबले.

"तरी तू सांगूक व्हयां होतां," ते म्हणाले. "माका शेत होतां गे बाये. तुका काय होतां?"

मी कप उचलून आत गेले. चतुर्थी झाल्यावर मी काजूच्या कारखान्यात कामाला लागले. तो गावातच होता. चालत जाता येत होतं.