सरपंचबाईंची फिर्याद

पळसगोळचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा प्रवीणने आधी बायकोला उभी करायचं ठरवलं आणि मग तिला सांगितलं. अक्षदा माहेरची खोपोलीची, बारावी झालेली, चारचौघांत बोलायला नीट. निवडून आली. गुलाल मात्र प्रवीणच्याच अंगावर उधळला गेला आणि त्या दिवसापासून गावात 'सरपंच' अशी हाक आली की प्रवीण मान वळवायचा. पंचायतीचे कागद संध्याकाळी घरी यायचे. अक्षदा भाकऱ्या थापता थापता हात पुसून सह्या करायची. शिक्का प्रवीणच्या खिशात असायचा.

सुरुवातीला ती विचारायची, "हे कशाचं?"

"नळाच्या पाइपाचं. कर सही."

पुढे विचारणं सुटलं.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, तो पुढे पाताळगंगेला मिळतो. एकदा सकाळी मुलीला, रियाला, शाळेच्या गाडीत बसवून अक्षदा परत येत होती. ओढ्यावरच्या पुलाला खेटून टँकर उभा होता. त्याचा पाइप खाली पाण्यात सोडलेला. वासाने तिच्या डोळ्यांची आग व्हायला लागली.

"ताई, लांब राहा," ड्रायव्हर म्हणाला.

"इथे ओतायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सरपंचांची परवानगी आहे. जा तुम्ही."

"मीच सरपंच आहे."

ड्रायव्हर हसला. "सरपंचांना ओळखतो मी, ताई. परवाच धाब्यावर सोबत जेवलो."

ती तशीच घरी आली. प्रवीण चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"रसायनीकडच्या एका कारखान्याचं पाणी हाय. सगळीकडंच सोडतात. प्रदूषणाच्या तपासणीचे सायेब पण आपलेच हायत. आणि परवानगी कुणाच्या सहीची हाय, ठाव हाय का? तुझ्या. ओरडशील तर पयली तूच आत जाशील."

सासू, अंबाबाई, दारातून म्हणाली, "घरातलं घरात ठेव गं बाय."

अक्षदाने ठेवलं. नवी गाडी कुठून आली, वरचा मजला कसा चढला, हे तिला त्या सकाळी समजलं आणि तरी त्याच घरात ती राहत होती, जेवत होती. पुलावरून जाताना नाकाला पदर लावायची, एवढंच.

दिवाळीनंतर ओढा आटत गेला. खालच्या आळीतल्या बौद्ध वस्तीतला सोमा रोज सकाळी म्हशी धुवायला ओढ्यावर न्यायचा. त्या दिवशी एक म्हैस पाण्यात गेली आणि गुडघे मोडून खाली बसली. तिला ओढायला सोमा उतरला. काठावरच्या बायकांनी पाहिलं ते एवढंच, की त्याने स्वतःचा गळा धरला आणि तोंडावर पडला. काढायला धावलेले दोघे चक्कर येऊन काठावरच बसले. शेवटी तोंडाला ओले टॉवेल बांधून लोकांनी त्याला बाहेर घेतलं आणि टेंपोत घातलं. दवाखाना यायच्या आत तो गेला होता.

तपासणीचे साहेब आले, रुमाल नाकाला लावून पुलावर उभे राहिले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. पुढे सांगण्यात आलं की सोमा बुडून मेला. ओढ्याला तेव्हा मांडीएवढंही पाणी नव्हतं.

सोमाच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर अक्षदा सोमाच्या घरी गेली. त्याची बायको विठाबाई बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिंतीला टेकून बसली होती. गावची सरपंचबाई आली म्हणून तिने उठून पाण्याचा तांब्या पुढे केला. सांगायचं ते सांगितल्याशिवाय अक्षदाला तो घेववेना.

"काकी, सोमाकाका बुडून गेले नाहीत. टँकरमधलं कारखान्याचं पाणी होतं ते. परवानगीवर माझी सही आहे. न वाचता केली होती. पण पुढे मला कळलं, आणि मी गप्प बसले."

विठाबाईला क्षणभर काही उमगलं नाही. मग तिने तांब्या खाली ठेवला.

"कधी कळलं?"

"पावसाळ्याच्या आधी."

"तवा बोलली असतीस तर माझा माणूस जिता असता?"

अक्षदाने होकारार्थी मान हलवली. विठाबाईने दाराकडे बोट केलं. "भायेर हो."

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. प्रवीण खुर्चीवर, अक्षदा बाजूच्या स्टुलावर. सोमाला श्रद्धांजली वाहून झाल्यावर प्रवीणने मदत मिळवून द्यायचं आश्वासन दिलं. तेवढ्यात अक्षदा उठली आणि तिने टँकर, परवानगी, साहेब, सगळं सांगायला सुरुवात केली.

प्रवीणने माइक बंद केला. "डोकं फिरलंय तिचं. बरं नाय तिला."

मागून कोणीतरी म्हणालं, "नवराबायकोची भांडणं घरात मिटवा." गावातले कितीतरी टेंपो त्याच कारखान्याला लागलेले होते. पाठीमागची माणसं हळूहळू उठून चालू लागली. बायकांनी माना खाली घातल्या.

"मला आदी सांगितलंय तिनं," विठाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. "गावाला पण कळू दे. बोल पुढं."

अक्षदाने माइकशिवाय राहिलेलं सांगितलं. टाळी कोणी वाजवली नाही, प्रश्नही कोणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने पेन खाली ठेवून तिला समजावलं, "बाई, यात तुमचंच नाव येतंय. नवऱ्यापुरतं सांगा, तेवढंच लिहितो."

"नको. सही माझी आहे, माझंही लिहा."

"मग तुम्ही फिर्यादी का आरोपी?"

"ते तुम्ही ठरवा, साहेब. माणूस मेलाय."

ड्रायव्हर, प्रवीण आणि अक्षदा, तिघांना अटक झाली. कारखान्याच्या मालकाचं नाव कुठेच आलं नाही. आपण घाण पाणी टँकरच्या ठेकेदाराच्या ताब्यात दिलं, पुढचं आपल्याला ठाऊक नाही, असं त्याने कळवलं. तपासणीचे साहेब निलंबित झाले. पेपरात बातमी आली, आणि वर्ष सरायच्या आत ते दुसऱ्या जिल्ह्यात कामावर हजर झाले. प्रवीणला लगेच जामीन मिळाला. अक्षदासाठी जामीन राहायला गावातलं कोणी आलं नाही. शेवटी वडील आले. खोपोलीला नेताना ते एवढंच म्हणाले, "रियाचा तरी विचार करायचास गं."

रियाला सासरच्यांनी ठेवून घेतलं. आता अक्षदा खोपोलीला एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. रजेच्या दिवशी ती पळसगोळला जाते. अंबाबाई दार उघडते, पण रियाला पुढे करत नाही. एकदा रिया खिडकीत दिसली. आईने हात केला, तशी ती आत पळाली. गावाची नवी सरपंच प्रवीणची वहिनी आहे. पळसगोळच्या ओढ्यावर टँकर येत नाहीत. पलीकडच्या खोऱ्यात येतात, असं ऐकू येतं.

कोर्टाच्या प्रत्येक तारखेला विठाबाई येते. बाकावर अक्षदापासून लांब बसते, डबा आणलेला असला तर एकटीच खाते. मागच्या तारखेला अक्षदा न राहवून तिच्याजवळ गेली.

"काकी, राग आहे ना माझ्यावर अजून?"

"हाय," विठाबाई म्हणाली. "जन्मभर राहील. तुला माफ करायला नाय येत मी हितं. पण ते तुला फोडायला बघतायत, मला कळतंय. पोरगी देतो म्हणाले का?"

अक्षदाने 'हो' म्हटलं. प्रवीणचा निरोप आदल्या आठवड्यातच आला होता: जबाब फिरव आणि रियाला घेऊन जा.

"मग? काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

विठाबाईने काठी जवळ ओढली. तेवढ्यात आतून पुकारा झाला. समोरच्या वकिलाने मुदत मागितली आणि ती मिळाली. विठाबाई काठी टेकत एकटीच स्टँडकडे निघून गेली. अक्षदा पुढची तारीख विचारायला आत गेली.